मिठाच्या शेजारची गोळी

ॲडम्सटाउन ह्या आयरिश उपनगरातल्या आमच्या मराठी मंडळींत वैदेहीची ओळख एकच होती. पार्टीतून सगळ्यात आधी उठणारी बाई. पाणीपुरीचा दुसरा राउंड अजून व्हायचा असायचा, अंताक्षरीत आत्ता कुठे रंग भरलेला असायचा, आणि ही शांतपणे कोट चढवून "चला, निघते" म्हणायची. कोपऱ्यावरच्या घरातली सुरेखा मोठ्याने म्हणायची, "निघाली नऊची गाडी." सगळे हसायचे. वैदेहीही हसायची आणि निघायची. तिच्या पाठीमागे 'शिष्ट आहे जरा' हे वाक्य ठरलेलं असायचं. आपल्या लोकांना एखादं माणूस आपल्याआधी झोपायला गेलेलं का खुपतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या मागच्या बागांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीवरून आजवर कोथिंबीर, विरजण, पार्सलं आणि बातम्या अशा सगळ्या गोष्टींची देवाणघेवाण झाली आहे. दोन हजार वीसच्या वसंतात, कामाशिवाय घरापासून दोन किलोमीटरपलीकडे जायचं नाही असा नियम होता, तेव्हा आम्ही दोघी अंतर राखून स्टेशनच्या बाजूने रोज संध्याकाळी चालायला जायचो. एकदा चालता चालता ती म्हणाली, "विद्याताई, मी शिष्ट नाहीये. मला झोप चुकवून चालत नाही. मी लिथियमवर आहे."

मला आधी वाटलं, हा कुठला तरी नवीन डाएट. तिच्या कारखान्यात हृदयात बसवायची यंत्रं बनतात आणि त्यांच्या बॅटऱ्या लिथियमच्या असतात एवढं मला ठाऊक होतं. ती रोज ड्रोहेडाच्या बाजूला गाडीने जायची, त्या बॅटऱ्या तपासायची. "बॅटरीवर तू कशी?" मी विचारलं. तेव्हा ती इतकी हसली की समोरून येणारा कुत्रेवाला आजोबा रस्ता सोडून बाजूला उभा राहिला.

मग तिने सगळं सांगितलं. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना ती आठवडाभर झोपलीच नव्हती. डोक्यात इतक्या कल्पना येत होत्या की बोलायला तोंड पुरत नव्हतं. कानातले होस्टेलच्या मावशींना देऊन टाकले, प्राचार्यांच्या घरी पहाटे जाऊन कॉलेज कसं चालवावं हे समजावून सांगितलं. तेव्हा तिला आपण जगातले सगळ्यात शहाणे आहोत असं वाटत होतं. आणि त्यानंतर असे दिवस आले की उठून दात घासणंही डोंगराएवढं वाटायचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि गोळी लिहून दिली, लिथियम कार्बोनेट. एक साधा पांढरा क्षार.

तिचे वडील सुभाषराव टाइल्सच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यांनी चिठ्ठीवरचं नाव वाचलं आणि दवाखान्याच्या पायरीवर बसूनच राहिले. वैदेहीला वाटलं, बाबा कोसळले. तर ते म्हणाले, "अगं, ह्याची पोती आमच्या गोदामात असतात. लादीच्या चकाकीत घालतो आम्ही. भट्टीतून बाहेर आल्यावर लादीला तडे जाऊ नयेत म्हणून." एवढं बोलून ते रडले. वैदेही म्हणाली, "त्या दिवसापासून मला त्या गोळीची लाज वाटली नाही."

लाज वाटली नाही हे खरं, पण लपवावी मात्र लागली. परेशशी लग्न ठरायच्या आधी, पहिल्याच भेटीत, पोह्यांची बशी हातात असतानाच तिने त्याला सगळं सांगितलं होतं. किती जणी सांगतील? परेश माणूस चांगला. तो म्हणाला, मला काही अडचण नाही. पण पुढे एक वाक्य जोडलं: "फक्त आईला नको सांगूया." त्या एका वाक्यापायी पुढचं सगळं झालं, म्हणून माझा त्याच्यावर थोडा राग आहे आणि तो राहणार आहे.

ह्या गोळीचा स्वभाव फार कडक. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर विष, आणि मधली पट्टी अगदी अरुंद. त्यामुळे वैदेहीचं आयुष्य त्या पट्टीवर बेतलेलं. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासायचं. पाण्याची बाटली कायम जवळ. डोकं दुखलं तरी आपल्या मनाने दुकानातली गोळी घ्यायची नाही. जेवण, झोप, चालणं सगळं वेळेवर. आपण नववर्षाचे संकल्प जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुंडाळतो. ही बाई वर्षानुवर्षं हे करत होती, वर नोकरी करत होती, आणि कुरकुर म्हणून तिच्या तोंडून ऐकली नाही. मी तर तिला मानलं.

आता प्रभाकाकू. परेशची आई, अकोल्याची. फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाली. इकडे त्या अडकल्या, तिकडे हेमचंद्रकाका एकटे. काकांना चहापलीकडे काही करता येत नाही आणि बातम्यांत रोज नवे आकडे. काकू दिवसभर फोन हातात धरून बसायच्या. घरात कोणाला त्रास म्हणून नाही द्यायच्या, पण एकदा भिंतीपाशी मला म्हणाल्या, "विद्या, मी इथी काय करून रायली, सांग. थे तिकडे एकटे हायेत आनं मी इथी फुलं पायत बसली."

आषाढी एकादशीला काकूंनी नेम धरला. चातुर्मासभर मीठ सोडायचं, नवऱ्याच्या जिवासाठी. त्या वर्षी अधिक महिना, म्हणजे चातुर्मासही लांबलेला. आमटी अळणी, भाजी अळणी, भातही. आणि आपल्याकडे ताट वाढायला सुरुवात मिठापासून होते, डावीकडे वर चिमूटभर मीठ, मग लिंबू, मग चटणी. काकूंनी ती जागा रिकामी ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाक त्याच करायच्या, तेव्हा घरात एकच आमटी शिजायची. परेश वरून लोणचं घ्यायचा. वैदेहीने मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "आई, मीही तुमच्याबरोबर करते."

मी तिला भिंतीवरून झापलं. "तुला मीठ सोडायला चालतं का?"

"नाही चालत. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, मीठ अचानक कमी करायचं नाही, वाढवायचंही नाही."

"मग?"

"मग काय सांगू त्यांना? नाही म्हटलं तर का नाही म्हणून विचारतील. आणि विद्याताई, त्या एकट्याच अळणी गिळत बसतात हो समोर. बघवत नाही."

आमची बाई हुशार. तिने उपाय काढला. कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ती रोज टेटोच्या खारट वेफर्सचं पाकीट संपवायची, चीज अँड अनियन. वर एक टोमॅटो सूप, भरपूर मिठाचं. बोटं पुसायची, पुदिन्याची गोळी चघळायची आणि घरी येऊन अळणी भात जेवायची. "शरीराला मीठ, सासूबाईंना व्रत," ती म्हणाली. मला हसू आलं. हसले मी, आणि मनात म्हटलं, ही पोरगी निभावून नेईल. रक्त तपासायची वेळ झाली होती, पण दवाखान्यात उगाच गर्दी नको म्हणून तिने ती एकदा पुढे ढकलली.

ऑगस्टमध्ये कारखान्याची वार्षिक सुट्टी आली. नेहमी लोक त्या सुट्टीत स्पेनला जातात. ह्या वर्षी सगळे घरी. म्हणजे गाडी नाही, पार्किंग नाही आणि टेटोही नाही. वैदेही सगळा वेळ काकूंच्या नजरेसमोर. तिने एकदा दुकानात जाते म्हटलं तर काकू पिशवी घेऊन बरोबर निघाल्या, बिचाऱ्यांना तेवढंच बाहेर पडणं. पाकीट काही घेता आलं नाही. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे, असं वैदेही मला म्हणाली. दोन-चार दिवसांचे दोन आठवडे झाले.

त्यातच हरताळका आली. मी काही हरताळका करत नाही, मला जो नवरा मिळायचा तो मिळून चुकलाय. काकू मात्र निर्जळी करणार होत्या. वैदेही म्हणाली, मी पाणी पिणार. काकू नुसत्या हो म्हणाल्या. पण सकाळी काकू बागेतली वाळू आणून, एक थेंब पाणी न पिता पिंड करत बसलेल्या पाहिल्या आणि हिने आपली बाटली ओट्यावरच ठेवली. मला हे नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी भिंत ओलांडून जाऊन तिच्या नरड्यात पाणी ओतलं असतं.

दुपारी दोघी बागेत दुसऱ्या दिवशीचा गणपती करत होत्या. त्या वर्षी मूर्ती आणणार कुठून, तर ऑनलाइन माती मागवली होती. मी भिंतीपाशी खुर्ची टाकून लॅपटॉपवर बॉल्सब्रिजच्या ऑफिसचं काम केल्यासारखं करत होते. वैदेही सोंड वळवत होती. सोंड सारखी सुटत होती. तिचा हात नेहमी अगदी बारीक थरथरतो, त्या गोळीमुळे, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. आज हात चांगला हलत होता, वारं लागलेल्या फांदीसारखा. ती उठायला गेली आणि तोल जाऊन वाफ्यावर बसली. काही बोलली, पण शब्द जड, एकमेकांवर पडलेले.

"उपासाची भोवळ हाय," काकू म्हणाल्या. "जरा निजू दे तिले. मले बी लगनानंतर असंच झालं होतं."

मी परेशला हाक मारली. तो वरच्या खोलीतून मीटिंग सोडून धावत आला. बायकोकडे पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. तरी आईकडे वळून तो म्हणाला, "बीपी लो झालं असेल. मी जरा दाखवून आणतो." अजूनही बीपी. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण ते माझे नव्हते.

वैदेहीने काकूंचा हात धरला. तिच्या हाताची माती काकूंच्या बांगड्यांना लागली. एकेक शब्द मोजून, अडखळत, ती बोलली. "आई, बीपी नाही. मी गोळी घेते. डोक्याची. कॉलेजपासून. लिथियम. त्याला मीठ लागतं, पाणी लागतं. मी ते तुमच्यापासून लपवलं. आता ते अंगात साठलंय. मला हॉस्पिटलमध्ये जायचंय."

ज्या वाक्याची भीती बाळगून तिने हा सगळा संसार केला होता, ते वाक्य तिने जीभ जड झालेली असताना, पायांत त्राण नसताना, स्वतः उच्चारलं. नवऱ्याला नाही जमलं, मला ते बोलायचा अधिकार नव्हता. तिने ते केलं. त्या क्षणी मला तिचा किती अभिमान वाटला हे मी तिला पुढे कित्येक वेळा सांगितलं आहे, आणि ती दर वेळी विषय बदलते.

परेश तिला घेऊन गेला. हॉस्पिटलच्या दारापासून पुढे फक्त पेशंटला प्रवेश, त्यामुळे तो गाडीतच बसून राहिला. काकू बागेत, अर्ध्या गणपतीसमोर. मी भिंतीला वळसा घालून त्यांच्यापाशी गेले.

"डोक्याची गोळी म्हंजे?" त्यांनी विचारलं.

मी जमेल तसं सांगितलं. आजार सांगितला, गोळी सांगितली. मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. मीठ मिळेनासं झालं की ते घाबरतं आणि जे मिळेल ते धरून ठेवतं, बाहेर जाऊ देत नाही. मग गोळीचंच विष होतं.

"म्हंजे माह्या नेमानं पोरीचं असं झालं."

"नेमाने नाही काकू. लपवण्याने."

"मले काहून नाई सांगतलं तिनं?"

"तुम्ही वेडी म्हणाल म्हणून."

काकूंनी मातीचे हात पदराला पुसले. मग फोन काढून त्यांनी अकोल्याला लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. फोन स्पीकरवर होता, काकूंना तो तसाच लावता येतो. त्यांनी काकांना सगळं सांगितलं, आणि शेवटी विचारलं, "आता नेम मोडला आनं तुमाले काई झालं तं?"

काका म्हणाले, "अवं, म्या कधी सांगतलं तुले मीठ सोडाले? मले तं आजच कळून रायलं."

म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मला हसू आवरेना आणि रडूही. काकूंनी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेल्या, प्रेस उघडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि सहा महिन्यांत काकूही म्हणायला लागल्या होत्या. मागच्या रांगेतली मिठाची बरणी काढली आणि देवाच्या फोटोसमोर उभ्या राहून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता त्या जिभेवर. "देवा," त्या म्हणाल्या, "काई म्हननं असन तं माह्याशी बोल. पोरीले मधात आनू नको." मग ग्लासभर पाणी प्यायल्या. हरताळकाही तिथेच संपली.

वैदेहीला सलाइन लावलं होतं. तीन शब्दांचा मेसेज आला तिचा, "मिठाचं पाणी चाललंय." मी तो काकूंना वाचून दाखवला. नर्सने तिला म्हटलं होतं, यू आर ग्रँड, लव्ह. इथे ग्रँड म्हणजे ठीकठाक, पाय मोडला तरी ग्रँडच म्हणतात, पण त्या दिवशी तो शब्द आम्हाला देवासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी गणपती बसला. सोंड वाकडी, एका बाजूला तिच्या बोटांचे ठसे. परेश पाण्याचा हात लावून ती सरळ करायला गेला, तर काकू म्हणाल्या, "हात नको लावू. तिनं केला तसाच बसन." एरवी मूर्तीच्या नाकावर बारीकसा चरा दिसला तरी दुकानदाराशी भांडणारी ही बाई.

वैदेही घरी आली ती भिंतीला धरून चालत. डोस कमी केला होता, आता दर आठवड्याला रक्त. पण तिला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. मला भिंतीवरून हळूच म्हणाली, "आई माझ्याशी नीटच वागतायत. पण मी जरा मोठ्याने हसले की त्या माझ्याकडे बघतात. आता आयुष्यभर असंच बघणार का?" औषधाने आजार ताब्यात राहतो, लोकांची नजर कशाने राहते, ते मला माहीत नव्हतं.

अनंत चतुर्दशीला बागेतच बादलीत विसर्जन केलं. वाकडी सोंड आधी विरघळली. त्या वेळी घरी सहाजण जमायला परवानगी होती, म्हणून जेवायला मी होते आणि सुरेखा. बाहेर अजून लख्ख उजेड होता. काकूंनी पानं घेतली. प्रत्येक पानावर डावीकडे वर आधी मीठ. मग लिंबाची फोड. मग चटणी. वैदेहीच्या ताटाशी येऊन त्या थांबल्या.

"गोळी कुठी हाय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

वैदेहीने सुरेखाकडे पाहिलं, मग परेशकडे. परेशने मान खाली घातली. गोळ्यांची डबी तिच्या ऑफिसच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात असायची, लग्नापासून. ती उठली, बॅग उघडली आणि डबी आणून काकूंच्या हातात दिली.

"वाढा, आई."

काकूंनी मिठाच्या शेजारी ती पांढरी गोळी ठेवली, जशी चटणी वाढतात तशी, आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

सुरेखा बघायची राहणार आहे होय? "हे काय गं? कसली गोळी?"

"डोक्याची," वैदेही म्हणाली. "माझा मूड फार वर जातो नाहीतर फार खाली. ह्याने जागेवर राहतो. म्हणून मला वेळेवर झोपावंही लागतं."

सुरेखा भाताकडे बघत बसली. काकूंनी तिच्या वाटीत आमटी घातली आणि सहज विचारलं, "तुह्या नवऱ्याची बीपीची गोळी हाय ना? थे कुठी ठेवते तू?"

"प्रेसमध्ये," सुरेखा म्हणाली.

"ताटात ठेवत जाय. विसरत नाई मंग मानूस."

जेवणं झाली. गप्पा रंगात आल्या, सुरेखाने कसलीतरी गोष्ट सुरू केली होती, आणि नेहमीप्रमाणे वैदेही उठली. तिचंच घर, तरीही तिला अवघडल्यासारखं झालं होतं. कोण काय म्हणतंय म्हणून मी सुरेखाकडे पाहत होते. सुरेखाने गोष्ट अर्ध्यात थांबवली आणि म्हणाली, "जा गं, झोप तू. बाकीचं मी उद्या सांगते."

वैदेही जिन्याशी थांबली. ओट्यावर भांड्यांचा ढीग पडला होता, तिची नजर तिकडे गेली. काकू बाह्या सरसावून नळाशी उभ्याच होत्या.

"भांडे मी घासतो," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तू जाय वर. आनं सकाळी मोठ्यानं हासत खाली ये. घर लय मुकं झालं होतं."